घरी बांधलेल्या कॅटामरानमध्ये पायाखाली काय घालावं?

पडाव

नमस्कार मंडळी,

जयगड खाडीच्या काठावर शेडमध्ये आमची नऊ मीटरची कॅटामरान (दोन होड्या शेजारी जोडलेली बोट) उभी राहिली आहे. मी, धाकटा भाऊ आणि गावातले जुने मेस्तरी असे तिघं बांधतोय. सगळं काम प्लाय आणि इपॉक्सीचं (दोन द्रव कालवून कडक होणारी राळ). बाहेरून फायबरग्लासचं कापड चढवून झालं, डावी आणि उजवी होडी मधल्या खोलीने जोडून झाली. आता आतलं काम काढलंय आणि पायाखाली काय घालायचं यावर गाडी अडली आहे.

दोन्ही होड्यांत चालायची वाट साधारण ६० सेंमी रुंद आणि पाच मीटर लांब. मधली खोली तीन बाय दोन मीटर. सगळी मिळून १२ चौरस मीटर. मेस्तरींना सागवानाशिवाय दुसरं काही मान्य नाही. भावाला फ्लॅटमध्ये घालतात तसं लाकडासारखं दिसणारं व्हिनाइल आवडलंय. आईचं म्हणणं, पुसायला सोपं आणि ओल्या पायाने घसरणार नाही असं काहीही करा.

माझं मत असं की वर काय दिसतं हा प्रश्न नंतरचा. फळ्या सुट्या हव्यात, एका हाताने उचलता याव्यात आणि खालची जागा वाळावी. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. बोट शेडमध्ये असली तरी ओल आत शिरतेच. चिकटवून किंवा ठोकून कायमचं बसवलं की त्याच्याखाली काय कुजतंय ते वर्षानुवर्षं कळत नाही.

ज्यांनी बोटीत, होडीत, मचव्यात हे काम केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

रेवदंडाकर

अभिनंदन! घरी एवढी बोट बांधताय हेच केवढं मोठं काम आहे.

मेस्तरींचं ऐका. सागवानात मुळातच तेल असतं, पाण्याने फारसं फुगत नाही, कीड सहसा लागत नाही, ओला असतानाही पाय धरून ठेवतो. आमच्याकडे वाड्याच्या जुन्या तुळया आहेत, त्या कापून काढलेल्या पट्ट्या आजही खणखणीत आहेत. एकदा घाला आणि विसरा. व्हिनाइल वगैरे बोटीत शोभत नाही.

प्राची_प्र

वाचतेय. फोटो टाका ना प्लीज.

भरतीओहोटी

रेवदंडाकर, सागवानाच्या गुणांबद्दल वाद नाही, पण ही कॅटामरान आहे. हिच्या होड्या अरुंद असतात, त्यामुळे वजन वाढलं की ती एकतळी बोटीपेक्षा लवकर खाली बसते. आकडे मांडून दाखवतो.

नऊ मीटरच्या बोटीची पाण्यालगतची लांबी ८.४ मीटर आणि प्रत्येक होडीची तिथली रुंदी ७० सेंमी धरली, दोन्ही टोकं निमुळती असल्याचा हिशेब केला, तर पाण्याने कापलेलं क्षेत्रफळ दोन्ही मिळून ८ चौरस मीटरच्या थोडं वर येतं. म्हणजे खाऱ्या पाण्यात दर ८५ किलोला बोट साधारण एक सेंटिमीटर खाली जाते.

आता १२ चौरस मीटरचा हिशेब. आपल्याकडचा १२ मिमी मरीन प्लाय जड लाकडाचा असतो, चौरस मीटरला सुमारे साडेआठ किलो. झाले १०० किलो. त्यावर घरात घालतात ती पाच मिमीची कडक एसपीसी (दगडाची पूड मिसळलेल्या प्लास्टिकची) फरशी टाकली तर ती चौरस मीटरला नऊ-दहा किलो, म्हणजे आणखी ११०-१२०. नुसत्या जमिनीपायी बोट अडीच सेंटिमीटर खाली. याउलट नऊ मिमी प्लाय (७५ किलो) आणि वर सहा मिमी ईव्हीए (रबरासारखा मऊ) फोम (सगळा मिळून १५ किलोच्या आत) घेतला तर एक सेंटिमीटरच्या आसपास.

अडीच सेंटिमीटर ऐकायला कमी वाटतं. पण मधल्या खोलीचा तळ आणि पाणी यांच्यातली जागा तेवढीच कमी होते, आणि समोरून लाट आली की ती खालून आदळायला लागते. तो आवाज आणि हादरा एकदा अनुभवला की माणूस ग्रॅमचाही हिशेब ठेवतो. शिवाय जमीन हे एक कलम झालं. पाण्याच्या टाक्या, बॅटऱ्या, नांगर, साखळी हे सगळं यायचंच आहे.

घरचा_सुतार

@भरतीओहोटी, उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

एक शंका. नऊ मिमी प्लाय पायाखाली लवणार नाही का?

भरतीओहोटी

खाली आडव्या पट्ट्या ३० सेंमीवर घेतल्या आणि फळीच्या खालच्या बाजूला फायबरग्लासचा एक पातळ थर दिला तर लवत नाही. माणूस उभा राहतो तेव्हा ताण खालच्या अंगाला येतो, म्हणून कापड खाली.

याहून हलकं करायचं तर पीव्हीसी फोमच्या दोन्ही बाजूंना फायबरग्लास. चौरस मीटरला साडेतीन किलोत काम होतं, म्हणजे सगळी जमीन ४२ किलोत. पण फोम महाग, आणि हातातून विंच हँडल (शिडाचे दोर ओढायच्या चरकाचा जड दांडा) पडलं की खड्डा. जिथे कडी किंवा स्क्रू येणार तिथे फोम काढून भरीव लाकूड बसवावं लागतं.

मालवणी_मासो

पडाव दादा, तुझा बरोबर आसा. होडयेच्या तळाची फळी कधी ठोकून टाकू नको. आमच्या होडयेत फळये सुटेच बसवतत. दर्यातसून इल्यार काढूचे, गोड्या पाण्यान धुवचे आणि वाळूर उभे करून सुकवचे. खालसून पाणी उपसूचा तर हात घालूक जागा व्हयी. माझ्या आज्याच्या येळेपासून ह्याच चालत इला. सागवान असू दे नायतर ऐन असू दे, फळी उचलूक येवक व्हयी.

रेवदंडाकर

@भरतीओहोटी, हिशेब पटला. पण मी पूर्ण जाडीचं सागवान म्हणत नाही. चार मिमीच्या पट्ट्या कापून प्लायवर इपॉक्सीने बसवल्या तर चौरस मीटरला अडीच किलोच्या आसपास. सगळी मिळून तीस-बत्तीस किलो. खाली नऊ मिमी प्लाय धरला तरी १०५-११० किलोत सागवानाची जमीन होते. एवढी चैन चालावी.

आणि सागवानाचं तेलच इपॉक्सीला धरू देत नाही, तेव्हा चिकटवायच्या अगदी आधी एसीटोनने पुसून घ्या. सकाळी पुसून संध्याकाळी चिकटवलं तर तेल पुन्हा वर येतं.

अनुजा_दे

मांडव्याला आमच्या घरच्या शिडाच्या बोटीत तीन प्रकार वापरून झालेत, म्हणून लिहिते.

सनमायक्यासारखं सागवानी व्हिनिअर लावलेला, वर चकचकीत पॉलिश मारलेला प्लाय बोट विकत घेतली तेव्हापासून आत होता. दिसायला देखणा, ओला झाला की घसरगुंडी. व्हिनिअर अर्ध्या मिलिमीटरचं, त्यामुळे पॉलिश पेपर मारून नव्याने करायला गेलं की खालचा प्लाय दिसायला लागतो.

मग चिकटवायचं व्हिनाइल. वरून वर्षभर छान राहिलं. पावसाळ्यानंतर एका कोपऱ्यात काळा डाग दिसला म्हणून उचकटलं तर खालचा प्लाय हाताने कुस्करला जात होता. व्हिनाइल वरचं पाणी आत जाऊ देत नाही, तसंच कडेने आत गेलेलं पाणी बाहेरही येऊ देत नाही. आईंना सांगा, पुसायला सोपं आहे खरं, पण कुजायलाही सोपं.

आता ईव्हीए फोम आहे. पायाला मऊ, घसरत नाही, हलका, वस्तू पडली तरी आवाज नाही. दोन गोष्टी मात्र सांभाळा. गडद रंग घेऊ नका. मे महिन्यात उन्हात आलेल्या गडद फोमवर अनवाणी पाय ठेवता येत नाही आणि चिकटपट्टीचा डिंकही मऊ होतो. फिकट राखाडी उत्तम. आणि कडा तिरक्या कापा, सरळ कापलेल्या कडेत बोटं अडकून ती उचकटत जाते.

बाकी आत कसलाही गालिचा नको. आपल्या हवेत आठवड्यात बुरशीचा वास.

तांडेल_७०

व्हिनाइलखाली कुजलेल्या प्लायबद्दल अनुजाताई म्हणाल्या, त्यात प्लायचाही दोष असू शकतो. "मरीन" असा शिक्का मारून बाजारात काहीही मिळतं. आम्हाला एका दुकानातून मिळालेल्या तक्त्यांचे थर पहिल्याच पावसात सुटले, कडेने पुस्तकाची पानं उघडावीत तसे.

तक्त्यावर आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) आणि आयएसआयची खूण बघा. आयएस ३०३ हा वेगळा, घरातल्या फर्निचरचा. ७१० च्या चाचणीत प्लाय ७२ तास उकळून बघतात. घरी एवढं नको, पण हातभर तुकडा कापून पातेल्यात चार-पाच तास उकळवा, उन्हात खडखडीत वाळवा, पुन्हा उकळवा. थर सुटले तर तक्ते परत. कापलेल्या कडेला आतल्या थरांत पोकळ भेगा दिसतात का तेही बघा. त्या भेगांतूनच पाणी पुढे सरकतं.

प्राची_प्र

पातेलं कोणाचं ते आधी ठरवा. आमच्याकडे आमटीच्या पातेल्यात प्लाय उकळला तर बोट बांधून होण्याआधीच बाबा समुद्रात. 😄

पडाव

प्राचीताई, शेडमध्ये डांबराचा जुना डबा आहे, आईची भांडी सुरक्षित आहेत.

तांडेलकाका, आमचे तक्ते ७१० चेच आहेत, पण तुकडा उकळून बघायची कल्पना फार आवडली. उद्याच लावतो.

मालवणी_मासो, तुमचा प्रतिसाद मेस्तरींना वाचून दाखवला. ते लगेच म्हणाले, "मग, सागवानाच्या फळ्या सुट्याच बसतात की!"

उंडी

मेस्तरी बरोबर बोलले. आणि एक राहिलं, खालच्या अंगाला काय लावणार? आमच्या आजोळी, विजयदुर्गच्या वाघोटण खाडीत, होडीला उंडीचं तेल लावत. उंडीच्या बियांचं घट्ट, हिरवट तेल. काही जण मुशीच्या यकृताचं तेल लावत, त्याचा वास आठवडाभर वाडीत फिरे. पण लाकूड टिकायचं. त्याच खाडीत गिर्ये गावाजवळ मराठा आरमाराची खडकात कोरलेली गोदी आहे. गलबतं भरतीला आत घ्यायची आणि ओहोटीला कोरडी करून तळाची डागडुजी करायची. पाणी काढून टाकून तळ वाळवायचा आणि मग हात लावायचा, पद्धत तीच.

घरचा_सुतार

उंडीचं तेल साध्या लाकडाला ठीक. इपॉक्सीच्या बोटीत नको. तेल लागलेल्या जागी पुढे इपॉक्सी, लांबी (पुट्टी), रंग, काहीच धरणार नाही.

उंडी

मान्य, इथे इपॉक्सीच. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की खालची बाजू वरच्या बाजूइतकीच जपा. दिसत नाही म्हणून एक हात मारून सोडू नका.

सुशांत_खे

लाकूड हवंच कशाला? आजच्या काळात कोणी लाकडाची बोट बांधतं का? सगळं फायबर करा, कुजायचा प्रश्नच नाही.

तांडेल_७०

सुशांत, गोव्यात बांधलेली नौदलाची शिडाची बोट 'म्हादेई' आतून लाकडी गाभ्याचीच आहे, बाहेर फायबरग्लास आणि इपॉक्सी. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. नंतर अभिलाष टॉमीही तिच्यातूनच, कुठेही न थांबता. लाकूड वाईट नसतं. लाकडात पाणी जाऊ दिलं की वाईट.

उलट पावसाचं गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा लाकूड लवकर कुजवतं. म्हणून खिडकीतून, डेकच्या स्क्रूमधून थेंब थेंब गळणारं पाणी जास्त घातक. मासो म्हणतात तसं गोड्या पाण्याने धुवायचं ते मीठ काढण्यासाठी, कारण मीठ राहिलं की ते हवेतली ओल ओढत राहतं. पण धुतल्यावर सुकवायलाच हवं.

घरचा_सुतार

आता मुख्य कामावर येतो, कारण इथे जो आळस करेल त्याची जमीन जाणार. कडा आणि भोकं!

प्लाय वरून किंवा खालून सहसा पाणी पीत नाही, कडेने पितो. फळी मापात कापल्यावर कड पॉलिश पेपरने साफ करा आणि पातळ इपॉक्सी ब्रशने नुसती पाजत राहा. पहिला हात पाच मिनिटांत दिसेनासा होतो, कड पुन्हा कोरडी, मळकट दिसते. ओलं असतानाच दुसरा हात. तिसऱ्या हाताला कड चमकायला लागते आणि चमक टिकते, तेव्हा थांबायचं.

स्क्रूसाठी सहा मिमीचं भोक हवं असेल तर दहाचं पाडा, खालून चिकटपट्टी लावा, घट्ट केलेली इपॉक्सी भरा आणि दुसऱ्या दिवशी तिच्या मधोमध सहाचं पाडा. स्क्रू लाकडाला लागतच नाही, इपॉक्सीतच बसतो. स्क्रू स्टेनलेसचे, ३१६ दर्जाचे.

प्रत्येक फळीला चारही बाजूंनी तीन मिमी सांद ठेवा. रंगाचे हात चढल्यावर ती दीडवर येते. आधीच घट्ट बसवली तर पावसाळ्यात फळी अडकते आणि मग पटाशी लावून उचकटताना कड फुटते, तिथून पाणी. आणि इपॉक्सीचे हात संध्याकाळकडे द्या. सकाळी दिला तर ऊन चढताना लाकडातली हवा फुगते आणि बुडबुडे येतात. संध्याकाळी लाकूड गार होत जातं, हवा आत ओढते, इपॉक्सीही सोबत आत जाते.

भरतीओहोटी

शेवटचं कोकणात जपून. सूर्य मावळला की खाडीवर दव पडतं आणि ओल्या हवेत इपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर येतो. त्यावर पुढचा हात दिला तर तो सोलून निघतो. मी दुपारी साडेतीन-चारला द्या म्हणेन, म्हणजे उतार लागलेला असतो आणि दव पडायच्या आत वरचा थर आवळतो.

घरचा_सुतार

चार वाजता मे महिन्यात वाटीतच मिश्रण तापून धूर येतो!

भरतीओहोटी

वाटीत कालवू नका, पसरट ताटात ओता. थोडं थोडं घ्या. खोल भांड्यात साठलं की स्वतःच्याच उष्णतेने पेटल्यासारखं होतं, पातळ पसरलं की वेळ मिळतो. आणि तो मेणचट थर आलाच तर साध्या पाण्याने आणि हिरव्या घासणीने धुवा, वाळवा, मग पॉलिश पेपर. आधी पेपर मारला तर मेण आतच चोळलं जातं.

घरचा_सुतार

धुवायचं पटलं. वेळ मात्र मी पाचचीच ठेवणार, शेड चारही बाजूंनी बंद करून.

अनुजा_दे

वाद छान रंगलाय, पण स्वयंपाकाकडे कोणाचंच लक्ष नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो. बोटीत गळला तर तो फळ्यांखाली जाऊन साठतो, नाकाला कळत नाही आणि एक ठिणगी पुरते. सिलिंडर बाहेर डेकवरच्या कप्प्यात ठेवा, त्याच्या तळाला बाहेर पडणारं भोक ठेवा. आणि शेगडीच्या खालची फळी सगळ्यात सहज निघणारी हवी, तिथे नाक आणि हात दोन्ही पोचले पाहिजेत. पडाव, तुमच्या सुट्या फळ्यांच्या मताला माझा दुजोरा मुख्यतः यासाठी.

रेवदंडाकर

हा मुद्दा माझ्या डोक्यातही नव्हता. धन्यवाद ताई.

निनाद_दापोली

फळ्यांचा आकार कसा घेणार? होडीच्या कडा वाकड्या असतात, टेपने माप घेऊन कधीच जमत नाही.

घरचा_सुतार

टेप बाजूला ठेवा. जागेवर पुठ्ठा अंतरून त्याच्या कडेला प्लायच्या बोटभर पट्ट्या ग्लू गनने चिकटवत जा, प्रत्येक पट्टीचं टोक होडीच्या भिंतीला टेकलेलं. तो सगळा सांगाडा उचलून प्लायवर ठेवला की टोकांना खुणा करून जोडायच्या. डाव्या होडीचा साचा उलटा करून उजवीत बघा, पण त्यावरून कापू नका. घरी बांधलेल्या बोटीत दोन बाजू हुबेहूब निघत नाहीत.

पडाव

सर्वांचे मनापासून आभार. तुकडा उकळून झाला, दोनदा वाळवला, थर घट्ट आहेत. काल रात्री मेस्तरी, भाऊ, आई सगळ्यांना हा धागा बसून वाचून दाखवला आणि असं ठरलं:

दोन्ही होड्यांत नऊ मिमी मरीन प्लायच्या सुट्या फळ्या. खालून फायबरग्लास, सगळ्या बाजूंनी इपॉक्सीचे तीन हात, वर फिकट राखाडी ईव्हीए. फोम फळीपुरताच कापायचा, दोन फळ्यांच्या सांदीवरून जाऊ द्यायचा नाही, नाहीतर फळी उचलायलाच नको वाटेल. शेगडी उजव्या होडीत आहे, तिच्यासमोरची फळी लहान आणि बिनकडीची. व्हिनाइल रद्द, भावाने स्वतःच रद्द केलं.

मधल्या खोलीत, जिथे बसायचं, जेवायचं, तिथे मेस्तरींचं सागवान. चार मिमीच्या पट्ट्या, सहा चौरस मीटर, पंधरा-सोळा किलो. भरतीओहोटी, एवढं वजन मी आनंदाने घेतोय. या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या होड्या बांधल्या, या बोटीत त्यांच्या हातचं सागवान असलंच पाहिजे.

दोन प्रश्न राहिले. होडीत उतरायच्या पायऱ्यांना काय? आणि बोट कलली तर सुट्या फळ्या उडू नयेत म्हणून कड्या कसल्या?

भरतीओहोटी

सोळा किलोला माझी हरकत नाही, मेस्तरींना माझा नमस्कार सांगा.

पायऱ्यांवर ईव्हीए नको, पुढच्या कडेला झिजून सुटतो आणि नेमका तिथेच पाय पडतो. दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग द्या, ओला असताना चाळलेली बारीक वाळू भरपूर शिंपडा, वाळल्यावर सुटी वाळू झाडून वर एक हात. वाळू पायाला बोचते असं वाटलं तर वाळूऐवजी जाडं मीठ शिंपडा. रंग वाळल्यावर पाण्याने मीठ विरघळून जातं आणि खडबडीत खळगे उरतात, पायाला सौम्य.

अनुजा_दे

कड्या स्टेनलेसच्या, फळीच्या पातळीत बसणाऱ्या, फिरवून बंद होणाऱ्या घ्या. वर आलेली कडी अंधारात अंगठा फोडते. प्रत्येक फळीला एक पुरे, मोठीला दोन.

मालवणी_मासो

सगळा बरा झाला. आणि एक. प्रत्येक फळयेच्या खालसून नंबर घाल, डावी का उजवी ता पण लिव. धुवूक सगळे एकदम काढलंस की खयची खय ता कोणाक कळना नाय. आणि पेनान लिवू नको, इपॉक्सी मारूच्या आधी पटाशीन खोदून घाल.

पडाव

खोदूनच घालतो. फळ्या कापायला रविवारपासून सुरुवात, फोटो याच धाग्यावर टाकेन.